सायक्लोन: कलकत्त्यात घडलेला गोल शब्द

मे महिन्यात अरबी समुद्रात कुठे कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं, की वादळ किनाऱ्याआधी वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओत धडकतं. पडद्यावर लालभडक भोवरा गरगरत असतो आणि निवेदकाचा आवाज टिपेला पोचलेला असतो. गेल्या मोसमात एका वाहिनीवरचा भोवरा चक्क घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत होता. आपल्या गोलार्धात चक्रीवादळ तसं फिरत नाही. ते नेहमी काट्यांच्या उलट दिशेने फिरतं, आणि का, हे कळायला गणित फारसं लागत नाही.

आधी नावाबद्दल थोडं. इंग्रजीत गोल आणि गोल फिरणाऱ्या गोष्टींसाठी शब्दांची रेलचेल आहे. ग्रहांची ऑर्बिट म्हणजे मुळात लॅटिनमधली चाकोरी, गाडीच्या चाकाने रस्त्यात पडलेली. रोटेशनमधला रोटा म्हणजे चाक, आणि आपला रथ त्याच घराण्यातला. सायकल ग्रीक कुक्लोसवरून आली. कुक्लोस, संस्कृत चक्र आणि इंग्रजी व्हील ही तिन्ही एकाच आदिम शब्दाची वंशज आहेत. हे सगळे शब्द वापरात झिजत, बदलत आले. कोणी बसून तयार केले नाहीत. सायक्लोन मात्र एका माणसाने ठरवून घडवला.

तो माणूस हेन्री पिडिंग्टन. जहाजावरची कप्तानी सोडून हा इंग्रज कलकत्त्यात स्थायिक झाला आणि पुढे तिथल्या सागरी चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष झाला. त्याला वादळांचा नाद होता. एकाच वादळात सापडलेल्या निरनिराळ्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, कोणत्या वेळी कोणतं जहाज कुठे होतं आणि वारा कुठून वाहत होता हे काढायचं, आणि नकाशावर तेवढे बाण मांडायचे, ही त्याची पद्धत. बाण पुरेसे झाले की त्यांतून वर्तुळ दिसू लागे. असे लेख तो १८३९ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहीत होता. वादळी वारा गोल फिरतो हे अमेरिकेत विल्यम रेडफिल्डनेही ताडलं होतं. १८२१ च्या वादळानंतर कनेक्टिकटमधून जाताना, एका भागातली झाडं एका दिशेला आणि थोड्या अंतरावरची बरोबर उलट दिशेला आडवी झालेली त्याने पाहिली होती.

१८४८ मध्ये पिडिंग्टनने खलाशांसाठी पुस्तक काढलं आणि त्यात सायक्लोन हा शब्द सुचवला. त्याच्या मनात सापाचं वेटोळं होतं. पुस्तकासोबत शिंगाच्या पारदर्शक पातळ चकत्या मिळत, एक उत्तर गोलार्धासाठी आणि एक दक्षिणेसाठी. चकतीवर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण. कप्तानाने ती सागरी नकाशावर ठेवायची आणि आपल्या जहाजाच्या जागी जो वारा वाहतोय तोच बाण येईपर्यंत सरकवायची. बाण जुळला की चकतीचा मध्य ज्या दिशेला, त्याच दिशेला वादळाचा डोळा, म्हणजे मधला मोकळा भाग. मग विरुद्ध दिशेला शिडं वळवायची. उपग्रह नाही, तार नाही, आणि तरी न दिसणाऱ्या मध्याची दिशा हाताशी!

पण दोन गोलार्धांना दोन चकत्या का? पिडिंग्टनला नियम ठाऊक होता. कारण दुसरीकडेच पडून होतं. फ्रान्सच्या गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिसने १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांचं गणित मांडलं होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पाणचक्क्यांसारखी यंत्रं होती. हवामानाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. ते गणित वाऱ्यांना लावण्याचं काम अमेरिकेच्या विल्यम फेरेलने १८५६ नंतर केलं.

शाळेत आपण शिकतो ते असं: विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावते, वरच्या अक्षांशांवर हा वेग कमी होतो, म्हणून उत्तरेकडे निघालेला वारा जमिनीच्या पुढे जातो आणि उजवीकडे वळतो. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे निघालेला वाराही तेवढाच उजवीकडे वळतो, त्याचं काय? म्हणून मला दुसरी वाट आवडते.

उत्तर ध्रुवावर उभे राहा. तुमच्या पायांखालची जमीन दिवसात एक पूर्ण गिरकी घेते. विषुववृत्तावर उभे राहा. जमीन तुम्हाला पुढे नेते, पण पायांखाली गिरकी घेत नाही. मधल्या अक्षांशांवर दोन्ही थोडं थोडं घडतं. मुंबईच्या १९ अंशांवर जमिनीला स्वतःभोवतीची एक गिरकी पुरी करायला साधारण ७३ तास लागतात. फुकोने १८५१ मध्ये पॅरिसला पँथिऑनच्या घुमटाखाली लंबक टांगून लोकांना दाखवली ती हीच गिरकी, तिथल्या अक्षांशाची. उत्तर गोलार्धात तिची दिशा घड्याळाच्या उलट.

आता समुद्रावर तीनशे किलोमीटर त्रिज्येतली हवा घ्या. आपल्याला ती शांत वाटते. पण ती जमिनीसोबतच आहे, म्हणजे तीही तीन दिवसांत एक या हिशेबाने गिरकी घेतेच आहे. मध्यभागी तापलेल्या समुद्रावरून बाष्प वर चढतं, त्याचे ढग होताना उष्णता सुटते, खालचा दाब घटतो, आणि भोवतालची हवा आत ओढली जाते. फुगडी घालताना दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या की वेग वाढतो, तसंच इथे होतं. वेग आणि त्रिज्या यांचा गुणाकार कायम राहायचा, तर त्रिज्या दहापट घटल्यावर वेग दहापट वाढायला हवा. १९ अंशांवर तीनशे किलोमीटरवरच्या त्या ‘शांत’ हवेला, वादळाच्या मध्याभोवती, सेकंदाला सुमारे ७ मीटरचा गुप्त वेग असतो. ती तीस किलोमीटरपर्यंत आत आली तर वेग ७० मीटर, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटर! प्रत्यक्षात लाटांचं घर्षण यातला बराच वाटा खाऊन टाकतं, म्हणून बहुतेक वादळं याहून सौम्य.

एकदा वेग आला की कोरिओलिसचं बल, म्हणजे जमिनीच्या गिरकीमुळे वाऱ्याला वळवणारं बल, याचं काम जवळपास संपतं. सेकंदाला ३० मीटर वारा तीस किलोमीटर त्रिज्येत फिरत असेल, तर त्याला बाहेर ढकलणारं केंद्रोत्सारी बल कोरिओलिसच्या वीसपट भरतं. आतला दाब जितका खेचतो तितकंच हे बल बाहेर ढकलतं, हवा मध्यापर्यंत पोचूच शकत नाही, आणि डोळा मोकळा राहतो. फक्त पाण्यालगतच्या थरात घर्षणाने वारा मंदावतो, तोल ढळतो आणि हवा वेटोळं घेत आत घुसते. वादळाचं इंधन याच थरातून येतं. घर्षण वादळाला थोपवतं आणि पोसतंही.

विषुववृत्तावर जमिनीची गिरकीच नाही, म्हणून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं जवळजवळ होत नाहीत. डिसेंबर २००१ मधलं सिंगापूरजवळचं वामेई हा गाजलेला अपवाद; ते दीड अंशावर उभं राहिलं.

बेसिनमधलं पाणी उत्तरेला एका बाजूने आणि दक्षिणेला दुसऱ्या बाजूने फिरतं, ही मात्र थाप. केनियात नान्युकीला विषुववृत्ताच्या रेषेवर पर्यटकांना याचं प्रात्यक्षिकही दाखवतात. टाकीतून पाणी अर्ध्या मिनिटात जातं, तेवढ्यात मुंबईची जमीन ०.०४ अंश वळते. नळाने दिलेला झोका त्याहून कितीतरी मोठा. १९६२ मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या ॲशर शपिरोने सहा फूट व्यासाच्या टाकीत पाणी चोवीस तास स्थिर होऊ दिलं आणि बारीक छिद्रातून वीसेक मिनिटं हळूहळू सोडलं, तेव्हा कुठे पृथ्वीची गिरकी दिसली. आणखी एक संदेश दरवर्षी फिरतो: प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेने घालण्यामागे पृथ्वीच्या फिरण्याचं ‘विज्ञान’ आहे म्हणे. प्रदक्षिणा श्रद्धेने घालावी. पण पृथ्वीची साक्ष काढायचीच, तर ती या गोलार्धात नेमकी उलटी निघते.

पिडिंग्टनचं ऐकलं नाही तेव्हा काय झालं, त्याचा दाखला बंगालमध्ये आहे. मातला नदीवर नवं बंदर उभारायचं घाटत होतं, तेव्हा १८५३ मध्ये त्याने गव्हर्नर जनरलला लिहून बजावलं की सायक्लोनची लाट ते बुडवेल. पोर्ट कॅनिंग उभं राहिलंच. १८६७ च्या वादळाने ते उद्ध्वस्त केलं आणि नंतर ते सोडून देण्यात आलं.

त्याच्या चकतीचं काम आज कोणीही चकतीशिवाय करू शकतं. १८५७ मध्ये डच शास्त्रज्ञ बॉयस बॅलटने सांगितलेला नियम: आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करा, कमी दाबाचा मध्य डाव्या हाताला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि ईशान्येकडे सरकलं. त्याच्या उजव्या बाजूला, श्रीवर्धनकडे, वारा समुद्रावरून येणारा, आणि त्यात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही मिळवलेला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. डाव्या बाजूच्या मुंबईत या नियमाने वारा जमिनीकडून, पूर्वेकडून यायला हवा: पाठ पूर्वेला, तोंड समुद्राकडे, डावा हात अलिबागकडे. समुद्रावर हा नियम चांगला लागू पडतो. जमिनीवर घर्षणामुळे मध्य डाव्या हाताच्या थोडा पुढे सरकतो, आणि सह्याद्रीच्या घळींमध्ये वारा घळीप्रमाणे वळत असल्याने तिथे त्यावर विसंबू नये.