मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर आणि प्रवासकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी हवाई अंतर सुमारे 12,530 किमी, म्हणजेच जवळपास 6,770 सागरी मैल आहे. थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. येताना एक-दीड तास वाचतो.

भिंतीवरच्या नकाशात पाहिले तर वाट अरबस्तान, भूमध्य समुद्र आणि अटलांटिकवरून सरळ पश्चिमेला जाईल असे वाटते. पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला की हा समज लगेच मोडतो. दोरा उत्तरेकडे सरकतो आणि कंदाहार, मॉस्को, हेलसिंकी यांच्या जवळून, आइसलँडचा दक्षिण भाग व ग्रीनलँडचे दक्षिण टोक गाठत कॅनडातल्या लॅब्राडोरवरून खाली उतरतो. यालाच बृहद्‌वृत्त मार्ग म्हणतात. होकायंत्रावर एकच दिशा धरून निघाले तर अंतर सुमारे 14,200 किमी भरते. जवळजवळ 1,700 किमीचा हा फरक केवळ पृथ्वी गोल असल्यामुळे पडतो.

प्रत्यक्षात मात्र विमान या दोऱ्यावरून क्वचितच उडते. हवाई हद्दी बंद होतात: 2019 मध्ये काही महिने आणि एप्रिल 2025 पासून पुन्हा पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली. वळसा पडला की इंधन वाढते आणि वेळही.

अंतराला ताशी 900 किमीने भागून 14 तास हे उत्तर काढणे सोपे आहे, पण ते फसवे आहे. खरा हिशेब वाऱ्याचा. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे झोतवारे, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, वाहतात. उत्तर आणि दक्षिणेच्या तापमानातली तफावत हिवाळ्यात वाढते, तसा त्यांचा जोरही वाढतो. कधी तो ताशी 200 किमीच्या पुढे जातो. जाताना हा वारा समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. वेळापत्रकातल्या तासांत धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर फलाटाला लागेपर्यंतचा वेळही धरलेला असतो.

वारा अंतरावर कशी मात करतो, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गाचे आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने लांबली, तरी वारा पाठीशी असल्याने विमान सुमारे दोन तास आधी पोहोचू लागले.

एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा मे 1960 मध्ये बोइंग 707 ने लंडनमार्गे सुरू झाली. मुंबईहून विनाथांबा उड्डाण 2007 मध्ये, बोइंग 777-200 एलआर आल्यावर शक्य झाले.

न्यूयॉर्कचे घड्याळ भारतापेक्षा मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. जुलैत रात्री 2 वाजता मुंबईच्या सहार विमानतळावरून निघालेला प्रवासी 16 तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. परतताना तिथून दुपारी 12 ला निघालेले विमान साडेचौदा तासांत मुंबईत पोहोचते आणि इथे दुसऱ्या दिवसाची दुपार झालेली असते. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात. मुलाला किंवा लेकीला आणायला जाणाऱ्यांनी उतरण्याची वेळ आणि तारीख दोन्ही पाहावीत.