कचेरीतली बाग : न्यूयॉर्कच्या एका इमारतीपासून सुरू झालेला विचार

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत उंच कचेऱ्यांचे मजले आतून फारसे खोल नसत, कारण उजेड आणि हवा या दोन्ही गोष्टी खिडकीतूनच येत. टेबल खिडकीपासून पंचवीस-तीस फुटांपलीकडे गेले की त्यावरचे कागद दिवसाही धड वाचता येत नसत. १९३८ च्या सुमारास ट्यूबलाइट बाजारात आली, दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलन सर्रास झाले आणि हे बंधन सुटले. मजले हवे तेवढे रुंद करता येऊ लागले. न्यूयॉर्कच्या लीव्हर हाऊससारख्या (१९५२) देखण्या काचेच्या इमारतींच्या खिडक्या तर कायमच्या बंदच होत्या. बाहेर पाऊस पडून गेला, हे मधल्या रांगेतल्या कारकुनाला संध्याकाळी दारात आल्यावर कळू लागले.

या पार्श्वभूमीवर फोर्ड फाउंडेशन या देणग्या देणाऱ्या संस्थेने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या रस्त्यांच्या मधोमध बांधलेले मुख्यालय पाहिले पाहिजे. वास्तुरचनाकार केव्हिन रोश आणि त्यांचे भागीदार जॉन डिंकेलू यांनी १९६७ मध्ये पूर्ण केलेल्या या बारा मजली इमारतीत कचेऱ्या उत्तर आणि पश्चिम अशा दोनच अंगांना आहेत; उरलेल्या जागेत, दक्षिणेला आणि पूर्वेला काचेच्या भिंती उभ्या करून, सुमारे १६० फूट उंचीचे दालन मोकळे ठेवले आहे आणि त्याच्या तळाशी बाग आहे. आपल्याकडच्या वाड्यात सोप्यावरून जसा चौक दिसतो, तशी इथे बहुतेक खोल्यांतून बाग दिसते, आणि समोरच्या मजल्यावर काम करणारी माणसेही दिसतात. या खोल्यांच्या काचा बागेच्या बाजूला सरकवून उघडता येतात. मॅनहॅटनमधल्या भाड्याच्या दराने पाहता एवढी जागा झाडांसाठी सोडणे हा मोठाच निर्णय होता, आणि तो भाड्याच्या उत्पन्नावर न चालणाऱ्या संस्थेलाच परवडण्यासारखा होता, हे मान्य करायला हवे.

बागेची आखणी उद्यानरचनाकार डॅन कायली यांची. त्यांनी मॅग्नोलियासह ३७ झाडे आणि ९९९ झुडपे लावली, पण समशीतोष्ण हवेतली यांतली बरीच झाडे काचेआडच्या अपुऱ्या उजेडात आणि बारमाही उबेत तग धरू शकली नाहीत. हिवाळ्याची विश्रांती न मिळालेले झाड हळूहळू खंगत जाते. पुढे त्यांच्या जागी उष्ण प्रदेशातली, सावली सोसणारी झाडे आली. झाड हे सजावटीचे सामान नसून त्याला त्याचा ऋतू लागतो, हा धडा इमारतींच्या आत बागा आखणाऱ्यांना इथेच मिळाला, असे मला वाटते.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवण्यासाठी इमारतींत बाहेरची हवा घेणे कमी करण्यात आले, आणि डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, थकवा अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या. १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले, की ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास छोटा होता आणि कचेरीचा नव्हता. तरी हिरवाई दिसली की माणसाला बरे वाटते, असे जे वास्तुरचनाकार केवळ अंतःप्रेरणेने सांगत होते, त्याला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला.

फ्रँकफर्टमध्ये १९९७ मध्ये पुरा झालेला, नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेला कॉमर्झबँकेचा २५९ मीटर उंच मनोरा हे यापुढचे पाऊल. त्याच्या त्रिकोणी आराखड्यात चार-चार मजले उंचीच्या नऊ बागा गोल जिन्यासारख्या फिरत वर चढतात, आतल्या बाजूच्या टेबलांनाही हिरवाई दिसते आणि एवढ्या उंचीवर खिडकी हाताने उघडता येते. माझ्या मते यातली खिडकी बागेइतकीच महत्त्वाची आहे. पुण्यात हडपसरला वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी सुझलॉन या पवनऊर्जा कंपनीसाठी २००९ मध्ये उभारलेल्या वन अर्थ या कचेरी-संकुलात जमीन ऐसपैस असल्याने इमारती बुटक्या ठेवून मध्ये चौक आणि पाणी आणता आले. दाट वस्तीतल्या भूखंडावर तो मार्ग बंद असतो.

फोर्डची इमारत मोठ्या दुरुस्तीनंतर २०१८ मध्ये पुन्हा खुली झाली. दोन रस्त्यांच्या पातळीत सुमारे १३ फुटांचा फरक असल्याने मूळच्या बागेत पायऱ्याच पायऱ्या होत्या आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तिथे फिरता येत नव्हते. आता तिथे त्यांना जाता येईल अशी वाट आहे, आणि दृष्टिहीनांसाठी स्पर्शाने व वासाने ओळखता येतील अशी झाडे लावलेला एक कोपराही आहे.