महाबळेश्वरला धो धो, दहिवडीला भुरभुर

जुलैत वाईहून पाचगणीला जाताना वेफर्सची एक पुडी घ्या आणि न फोडता पिशवीत ठेवा. पसरणीचा घाट संपेपर्यंत ती टम्म फुगते. आतली हवा तेवढीच असते, बाहेरून दाबणारी हवा कमी झालेली असते. शंभर मीटर चढलं की हवेचा दाब साधारण 10 ते 12 हेक्टोपास्कलने उतरतो.

सातारा जिल्ह्याच्या पावसाचं सगळं गणित या फुगण्यात आहे.

उन्हाळ्यात वायव्य भारतातली जमीन तापते, तिथला दाब घटतो आणि अरबी समुद्रावरचं दमट वारं तिकडे ओढलं जातं. वाटेत सह्याद्री आडवा. चढल्याशिवाय सुटका नाही. चढणारी हवा पुडीसारखी फुगते, आणि फुगायला लागणारी ताकद स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते, म्हणून गार होते. गार हवेत वाफ कमी मावते: 30 अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम, 20 अंशांना जेमतेम 17. जास्तीच्या वाफेचे थेंब होतात. समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला म्हणूनच वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या उताराचं. वाफेचं पाणी होताना तिच्यात दडलेली उष्णता हवेला परत मिळते. त्यामुळे ढगातली हवा चढताना शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंशच थंडावते. पाणी सांडून झाल्यावर तीच हवा उतरू लागली की दाब वाढतो, ती आवळली जाते आणि शंभर मीटरला जवळपास एक अंशाने तापते. म्हणजे घाट उतरलेलं वारं कोरडं तर होतंच, वर जास्त पाणी शोषण्याइतकं ऊनही होतं. ढग विरतात.

महाबळेश्वरहून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर दहिवडी, माण तालुक्याचं मुख्य गाव. माणमध्ये वर्षभराचा पाऊस पाचशे मिलीमीटरच्या आसपास. जुलैभर डोक्यावरून काळे ढग पळताना दिसतात, वारं अंगावर भणभणतं, आणि अंगण नीट भिजतही नाही. ते बघताना जीव तुटतो.

माणची भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरवर. पश्चिमेचं वारं मंदावतं, पूर्वेकडून बंगालच्या उपसागराची ओल येते, दुपारच्या उन्हाने तापलेली हवा जागच्या जागी सरळ वर चढते. तिला डोंगर लागत नाही. संध्याकाळी विजा कडाडतात, हस्ताचा पाऊस पडतो आणि वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओलसर झाली, की शाळूची, रब्बी ज्वारीची पेरणी सुरू होते.