मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, बालवयातील : प्रतिजन प्रथिने

मूत्रपिंडाच्या गाळणपटलावर, पादपेशींच्या (पटलाला बाहेरून बिलगलेल्या पेशींच्या) बाजूने, प्रतिपिंडे साचून पटल जाड होण्याचा विकार म्हणजे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. पटल गळू लागले की प्रथिने लघवीवाटे जातात आणि अंगावर सूज येते. प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या प्रथिनाला (प्रतिजनाला) चिकटली आहेत, यावरून आता विकाराचा प्रकार ठरवतात.

मुलांत हा विकार क्वचितच आढळतो. खानदेशातल्या एखाद्या गावात सकाळी पोराच्या पापण्या सुजलेल्या दिसल्या, तर किडा चावला असेल असेच घरच्यांना आधी वाटणार. संध्याकाळी मात्र सूज पायांवर उतरते आणि मोजा काढला की वळ तसाच राहतो. परीक्षानळीत लघवी तापवून अ‍ॅसिटिक आम्लाचे थेंब टाकले आणि पांढरा साका विरला नाही, तर प्रथिने जात आहेत हे कळते. अशा बहुतेक मुलांना दुसराच विकार असतो आणि तो स्टेरॉइडने आटोक्यात येतो. म्हणून बायोप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) लगेच करत नाहीत. औषध लागू पडले नाही किंवा मूल अगदी तान्हे असले, तर करतात.

प्रौढांतील सुमारे ७० टक्के रुग्णांत आढळणारे पीएलए२आर हे प्रथिन २००९ मध्ये सापडले. मुलांत ते मुख्यतः किशोरवयात दिसते. लहानग्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२० मध्ये वर्णन झालेले सेमाफोरिन ३बी हे प्रथिन प्रामुख्याने बालरुग्णांत, त्यातही दोन वर्षांखालच्या मुलांत आढळले. २००२ मध्ये नोंदवलेला प्रकार याहून विलक्षण होता: आईच्या शरीरात न्यूट्रल एंडोपेप्टिडेज हे प्रथिन जन्मतःच नव्हते, म्हणून तिने गर्भातील त्याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आणि ती वारेतून बाळाच्या मूत्रपिंडात पोहोचली.

प्रतिजन बाहेरूनही येतो. २०११ मध्ये काही लहान मुलांच्या गाळणपटलावरील साठ्यांत गाईचे सीरम अल्ब्युमिन (रक्तद्रवातील प्रथिन) सापडले. धन भार असलेले हे प्रथिन ऋण भाराच्या पटलात अडकते. ते अन्नातून, बहुधा दुधातून, आले असावे असा तर्क आहे. पण रुग्ण इतके थोडे आहेत की तेवढ्यावरून घरोघरच्या वरच्या दुधाला दोष देणे उतावीळपणाचे ठरेल. हिपॅटायटिस बी विषाणूच्या प्रतिजनाचा संबंध याहून पक्का आहे. तैवानमध्ये १९८४ पासून सार्वत्रिक लसीकरण झाल्यावर मुलांतील हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. नेल-१ या प्रथिनाशी निगडित प्रकार भारतात पारायुक्त पारंपरिक औषधे आणि गोरेपणाच्या क्रीम यांच्या वापरानंतर नोंदला गेला आहे. असे रुग्ण बहुतांशी प्रौढ असले, तरी मुलाला कोणती पुडी वा भस्म दिले होते हे विचारायलाच हवे. पारा बंद केल्यावर अनेकांचा विकार ओसरतो.

बायोप्सीचा तुकडा धुळे-जळगावहून बाहेरगावी पाठवायचा असेल, तर एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा मिशेल द्रावणात (प्रतिपिंडे टिकवून ठेवणाऱ्या वाहतूक-द्रावणात) ठेवतात. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर प्रतिपिंडांची नेहमीची चकाकी-तपासणी (इम्युनोफ्लुरोसन्स) बिघडते. पीएलए२आरविरोधी प्रतिपिंडे साध्या रक्ततपासणीत मोजता येतात. सेमाफोरिन ३बीसाठी मात्र बायोप्सीच्या तुकड्यावर खास रंजन (रंग देऊन तपासणी) करावे लागते, आणि ती सोय मोजक्याच प्रयोगशाळांत आहे.