इंग्रजी नामसमासातील शब्दक्रम

इंग्रजीत दोन किंवा अधिक नामे मध्ये काहीही न घालता शेजारीशेजारी ठेवून जो नामसमास होतो, त्यात मुख्य नाम सामान्यतः शेवटी येते आणि आधीची पदे त्याची विशेषणे ठरतात. 'हाउसबोट' ही होडी, तर 'बोटहाउस' ही होड्या ठेवण्याची जागा. उत्तरपद प्रधान मानणारी ही रीत मराठीतील तत्पुरुष समासाशी जुळते. त्यामुळे 'तिकीट चेकर' किंवा 'लेडीज डबा' हे शब्द मुंबईच्या लोकलमध्ये कोणाला फोडून सांगावे लागत नाहीत, आणि दुसऱ्यातले मुख्य नाम तर मराठीच आहे.

मराठी वाचक अडतो तो क्रमापाशी नव्हे, तर पदांच्या संबंधापाशी. 'ऑलिव्ह ऑइल' हे ऑलिव्हपासून काढलेले तेल, 'बेबी ऑइल' हे बाळासाठीचे. घडण तीच, पण विग्रहात विभक्ती बदलते. आपल्याकडेही 'पोळपाट' म्हणजे पोळीचा केलेला पाट नव्हे.

पदे वाढली की कोणते पद कोणाला चिकटते हा प्रश्न उभा राहतो. फोर्टमधल्या ज्या इमारतीत मुंबई शहराच्या जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, तिचे नाव 'ओल्ड कस्टम हाउस'. यातला जुनेपणा 'कस्टम हाउस' या संपूर्ण समासाचा आहे, कस्टमचा नाही. मराठीत 'जुने जकातघर' आणि 'जुन्या जकातीचे घर' हा फरक विशेषणाच्या रूपावरूनच कळतो, इंग्रजीत मात्र तो संदर्भावरून ताडावा लागतो. 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' (स्थापना १८८३) या नावातही 'नॅचरल' आधी 'हिस्टरी'ला जोडावा लागतो, मग 'सोसायटी' आणि शेवटी 'बॉम्बे'.

'ऑफ' हे अव्यय आले की क्रम उलटतो. सेंट थॉमस चर्चकडे नेणारा मुंबईच्या जुन्या किल्ल्याचा दरवाजा तो 'चर्चगेट', पण १९२४ मध्ये खुली झालेली कमान 'गेटवे ऑफ इंडिया'.

काही पदनामांत मात्र 'ऑफ' नसतानाही मुख्य नाम आधी येते. १०६६ मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या राज्यकारभारात आणि पुढे न्यायालयांत फ्रेंच भाषा रुळली, आणि विशेषण नामामागून ठेवण्याची तिची लकब 'अ‍ॅडव्होकेट जनरल'सारख्या नामांत टिकून राहिली. म्हणून त्याचे प्रमाण अनेकवचन 'अ‍ॅडव्होकेट्स जनरल' असे होते. मराठीने 'महाधिवक्ता' म्हणताना विशेषण पुन्हा पुढे आणले आहे.

पूर्वपद बहुधा एकवचनी राहते: दुकानात पुस्तके कितीही असोत, ते 'बुकशॉप'च, 'सेव्हिंग्ज बँक' हा ठळक अपवाद.