अपेरोल आणि स्प्रित्झ

अपेरोल हे संत्री, मुळ्या व वनौषधी यांच्या अर्कांपासून बनवलेले, कडू-गोड चवीचे आणि झळझळीत नारिंगी रंगाचे इटालियन मद्य असून ते मुख्यतः जेवणापूर्वी भूक चाळवण्यासाठी घेतले जाते. अशा पेयांना इटलीत ‘अपेरितीव्हो’ म्हणतात; ‘उघडणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला आहे. लुईजी आणि सिल्व्हिओ बार्बिएरी या भावांनी १९१९ साली ईशान्य इटलीतील पाद्वा शहराच्या व्यापारी मेळ्यात अपेरोल लोकांपुढे आणले. २००३ पासून त्याची मालकी कांपारी या इटालियन मद्य-उद्योग समूहाकडे आहे.

त्याची नेमकी कृती गुप्त ठेवलेली असली, तरी कडू व गोड संत्री, रेवंदचिनीच्या प्रजातीतले र्‍हुबार्ब, सिंकोनाची साल आणि जेन्शियनचे मूळ हे घटक सर्वांना ठाऊक आहेत. जेन्शियन हे आपल्या किराइताच्याच कुळातले आणि सिंकोना तर कोयनेल या हिवतापावरील औषधाचा मूळ स्रोत. म्हणजे ज्या कडूपणाने आपल्याकडे तापकऱ्याचे तोंड वाकडे होई, तोच येथे भरपूर साखर आणि संत्र्याच्या सालीचा वास यांच्या सोबतीने हवाहवासा होतो. अपेरोलमध्ये अल्कोहोल अवघे ११ टक्के असते, त्यामुळे लालभडक, अधिक कडू आणि बऱ्याच तीव्र अशा ‘कांपारी’ या मद्यापेक्षा ते नवख्याला लवकर रुचते.

त्याचे सर्वांत प्रसिद्ध मिश्रण म्हणजे स्प्रित्झ. व्हेनिसचा प्रदेश १८६६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि तेथील वाइन जड वाटल्याने ऑस्ट्रियन सैनिक तीत पाणी घालून घेत, असे परंपरेने सांगितले जाते. ‘शिंपडणे’ या अर्थाचे जर्मन क्रियापद या नावामागे आहे. पुढे साध्या पाण्याची जागा सोड्याने घेतली आणि विसाव्या शतकात त्यात कडवट मद्याची भर पडली.

आजच्या रूढ कृतीत ९० मिली प्रोसेको, म्हणजे याच भागातील फेसाळ पांढरी वाइन, ६० मिली अपेरोल आणि थोडासा सोडा एवढेच लागते. मोठा ग्लास बर्फाने काठोकाठ भरावा, कारण दोन-चार खडे लवकर विरघळून पेय पांचट होते, तर भरगच्च बर्फ सावकाश वितळतो. त्यावर आधी प्रोसेको, मग अपेरोल ओतावे. साखरेमुळे जड असलेले अपेरोल वाइनमधून आपसूक खाली उतरते आणि काही क्षण ग्लासात नारिंगी धागे तरंगताना दिसतात. हलक्या हाताने एकदाच ढवळले की पुरे, जोरात ढवळल्यास बुडबुडे निघून जातात. शेवटी सोडा आणि संत्र्याची अर्धी चकती. वाइन व अपेरोल दोन्ही साधारण ११ टक्क्यांची असल्याने, ३० मिली सोडा धरल्यास पेयाची तीव्रता ९ टक्क्यांच्या आसपास भरते. प्रोसेको शक्यतो कोरडी, म्हणजे कमी गोड, घ्यावी. गोडसर घेतली तर स्प्रित्झचे सरबत होते.

प्रोसेको नसल्यास अपेरोल नुसत्या सोड्यात चांगले लागते. टॉनिक वॉटरमध्ये कडवटपणा वाढतो, मात्र संत्र्याच्या रसात तो जवळजवळ बुडून जातो. बर्बन ही अमेरिकी व्हिस्की, आमारो नोनिनो हे कडवट इटालियन मद्य, अपेरोल आणि लिंबाचा रस समभाग घेऊन केलेले ‘पेपर प्लेन’ हे एकविसाव्या शतकातील मिश्रणही आता बारमध्ये रुळले आहे.

स्प्रित्झ ही केवळ अपेरोलची मिरास नव्हे. कांपारी घालूनही ते करतात, आणि खुद्द व्हेनिसमध्ये तेथेच १९२० साली जन्मलेल्या ‘सेलेक्ट’ या गडद लाल मद्याला अनेक जण पहिली पसंती देतात. तेथील ‘बाकारो’ नावाच्या छोट्या मद्यगृहांत संध्याकाळी उभ्या-उभ्या स्प्रित्झ घेताना ‘चिकेत्ती’ म्हणजे पावाच्या कापांवर मासे, मांस वा भाज्या ठेवून केलेले घासभर पदार्थ खातात, आणि ग्लासात संत्र्याबरोबर काडीला टोचलेले खारवलेले हिरवे ऑलिव्हही असते.