कॅन्डल चांगले की लिनक्ससीएनसी, हा प्रश्नच चुकीचा आहे

हौसेने सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञांवर कटर फिरवून लाकूड वगैरे कापणारे यंत्र) बांधणारे हा प्रश्न वारंवार विचारतात आणि त्यांना उत्तरेही मिळतात, हे अधिक वाईट. दोन्ही सॉफ्टवेअरांच्या पडद्यावर एक्स, वाय, झेडचे आकडे, जॉगची (यंत्र हाताने सरकवण्याची) बटणे आणि कटरच्या मार्गाचे चित्र दिसते, म्हणून ती एकाच जातीची वाटतात. प्रत्यक्षात कॅन्डल हा केवळ निरोप्या आहे; जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांच्या, ओळी अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डापर्यंत पोहोचवणे एवढेच त्याचे काम. यंत्र चालवते ते अर्डुइनोतले जीआरबीएल हे सॉफ्टवेअर, आणि तुलना करायची तर त्याची लिनक्ससीएनसीशी करावी. कॅन्डलऐवजी युनिव्हर्सल जीकोड सेंडर हा दुसरा निरोप्या घेतल्याने यंत्र अधिक अचूक होत नाही.

खरा फरक एकच आहे: स्टेपर मोटरला जाणारा पल्स (विजेचा छोटा ठोका) कोण तयार करतो? प्रत्येक पल्सला मोटर ठरावीक अंशाने फिरते आणि दोन पल्समधल्या अंतरावर तिचा वेग ठरतो, म्हणून हे अंतर कोणीतरी मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने सांभाळावे लागते. जीआरबीएलमध्ये ते काम अर्डुइनो उनोवरील १६ मेगाहर्ट्झची चिप करते आणि तिला दुसरा उद्योग नसतो. त्यामुळे ऐन कामात लॅपटॉप अडकला, तरी चिप हातातल्या ओळी संपवून वेग कमी करत थांबते. स्थान हरवत नाही; फार तर एका जागी फिरत राहिलेला कटर एमडीएफ काळा करतो.

पॅरलल पोर्टवरच्या (जुन्या संगणकांतल्या प्रिंटरच्या जोडणीवरच्या) लिनक्ससीएनसीत अशी चिप मध्ये नसते. संगणकाचा प्रोसेसरच एकेक पल्स काढतो आणि म्हणूनच त्याला रिअल-टाइम कर्नल, म्हणजे ठरल्या वेळी काम करून देणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लागतो. पल्स उशिरा गेला तर वेगात असलेली मोटर अडखळते, पावले चुकतात, आणि एन्कोडर (प्रत्यक्ष फिरणे मोजणारा सेन्सर) नसलेल्या यंत्रात पडद्यावरचे आकडे मात्र सगळे बरोबर असल्याचे सांगत राहतात. म्हणून आधी लिनक्ससीएनसीसोबत येणारी लेटन्सी (उशीर मोजणारी) चाचणी चालवावी आणि त्या वेळी मुद्दाम खिडक्या उघडाव्यात, व्हिडिओ लावावा. जिटर, म्हणजे वेळेतला चढउतार, २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम. १०० च्या वर गेला तर या कामासाठी तो संगणक विसरावा. नवा वेगवान लॅपटॉप येथे नापास होऊन कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप पास होऊ शकतो, कारण प्रश्न वेगाचा नसून नियमितपणाचा आहे आणि वीज वाचवणाऱ्या सोयी नेमका तोच बिघडवतात. यूएसबीला पॅरलल पोर्ट जोडणारी केबल तर कृपया घेऊ नये. ती प्रिंटरसाठी असते, तिच्यातून हे पल्स वेळेवर जात नाहीत. इथरनेटवर चालणारे मेसा कार्ड घेतल्यास पल्स कार्ड काढते आणि संगणकाने त्याला साधारण दर मिलिसेकंदाला सूचना दिली की पुरते. तेव्हा जिटरची ही कडक अट बरीच सैल होते.

किमतीवर वाद नको, कारण ही सर्व सॉफ्टवेअरे मोफत आहेत. उनोवरील जीआरबीएलची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० पल्सची आहे, तीही हौशी राउटरला क्वचितच आडवी येते: मिलिमीटरला ८०० पल्स लागणाऱ्या छोट्या ३०१८ यंत्रालाही त्यातून मिनिटाला २,२५० मिलिमीटर वेग मिळू शकतो. मॅक३ हे विंडोजवरचे नियंत्रक सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टवर ३२-बिट विंडोजलाच बांधलेले राहते, म्हणून नव्या यंत्रासाठी मी ते सुचवत नाही.

लाकूड, प्लायवूड, ॲक्रिलिक कापणाऱ्या तीन अक्षांच्या राउटरला माझ्या मते जीआरबीएलच घ्यावे. लेथवर आटे पाडायचे असतील तर मात्र लिनक्ससीएनसीला पर्याय शोधत बसू नये, कारण तेथे स्पिंडलवरील एन्कोडर वाचून त्याच्या फेऱ्यांशी हत्याराची चाल जुळवावी लागते, आणि उनोवरचे मूळ जीआरबीएल एन्कोडर वाचतच नाही. जी-कोडच्या बोलीतला फरक किरकोळ आहे: जीआरबीएलला जी८१ हे ड्रिलिंगचे चक्र कळत नाही, तेव्हा कॅममध्ये (जी-कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे यंत्राच्या बोलीत जी-कोड लिहिणारा भाग, जीआरबीएलचाच निवडावा.